आधी हालचाल, मग उत्तर

गाय व्यायली की गोठ्यात सगळे थोडा वेळ गप्प होतात. वासराला ती चाटून कोरडं करते आणि अर्ध्या-पाऊण तासात त्याची उठायची धडपड सुरू होते. पुढचे गुडघे टेकलेलेच ठेवून ते आधी मागचा भाग उचलतं, डगमगतं, कोलमडतं, पुन्हा उठतं. तास-दीड तासात कासेशी जाऊन पोचतं. तेव्हा जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘कुणी शिकवलं हो याला? उपजतच येतं!’’

‘उपजत’ या शब्दाचे आपण दोन अर्थ एकत्र करून टाकले आहेत. एक, उपजताना अंगी असलेलं. दुसरा, न घडवता, न शिकता आयतं मिळालेलं. पहिला अर्थ वासराला लागू पडतो. दुसरा पडत नाही, हे मला या लेखात दाखवायचं आहे. मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि या दोन अर्थांची गल्लत मी स्वतः कित्येक वर्षं फळ्यावर केली आहे. वाद शब्दांपुरता असता तर लेखणी उचलली नसती. या गल्लतीची किंमत नवजात बाळांनी मोजली आहे.

पूर्वपक्ष

वादाची आपली जुनी शिस्त अशी की समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला मान्य होईल इतक्या ताकदीनं मांडावं आणि मगच खंडनाला हात घालावा.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली, मानवी शरीरावरचा त्याचा ग्रंथ फ्रेंचमध्ये छापला गेला. त्यात शेकोटीजवळ बसलेल्या मुलाचं एक प्रसिद्ध चित्र आहे. त्याचा पाय ज्वाळेशी आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक दोरी गेलेली आहे. खाली दोरी ओढली गेली की वरची झडप उघडते आणि पाय मागे येतो. १८३३ साली लंडनच्या मार्शल हॉलनं मेंदूशी नातं तुटलेल्या प्राण्यांच्या मेरुरज्जूतूनही असं उत्तर येतं हे दाखवून या क्रियेला शास्त्रात पक्कं स्थान दिलं. चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ सालच्या त्यांच्या ग्रंथात तर चेतासंस्थेचं सगळं एकत्रित कार्य प्रतिक्षिप्त क्रिया हे एकक धरून उलगडलं. पुढे त्यांना नोबेल मिळालं आणि त्यांची मांडणी जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

आपल्या शाळेतल्या पुस्तकांतही तेच चित्र आहे. गरम भांड्याला हात लागतो, संवेदी चेतापेशी मेरुरज्जूला निरोप नेते, सहयोगी चेतापेशी तो पुढे देते, प्रेरक चेतापेशी स्नायूला हुकूम देते आणि हात मागे येतो. आपला मराठी शब्दही त्याच साच्यातला आहे. प्रतिक्षिप्त म्हणजे परत फेकलेलं. परत फेकायचं तर आधी काहीतरी येऊन पडायला हवं, हे गृहीतक शब्दातच बसलं आहे.

या चित्रातून गर्भाविषयी तीन विधानं निघतात. पहिलं असं की गर्भाची पहिली हालचाल ही कशाला तरी दिलेलं उत्तर असते. स्पर्श, ताण, धक्का नसेल तर हालचाल नाही. दुसरं, सर्वांत साधी वाट सर्वांत आधी तयार होते आणि साध्या वाटा जोडत जोडत चालणं-पोहणं यांसारख्या मोठ्या हालचाली बांधल्या जातात. तिसरं, या वाटा जनुकांच्या आराखड्याप्रमाणे जोडून मिळतात, अनुभवाचा त्यांत हात नसतो.

हा पक्ष दुबळा नाही. अमेरिकेत विंडल यांनी मांजरीच्या भ्रूणांवर काम करून सुट्या, स्थानिक प्रतिक्षिप्त क्रिया आधी येतात असं मांडलं. पिट्सबर्गला डेव्हनपोर्ट हुकर यांनी १९३२ पासून शस्त्रक्रियेनं बाहेर काढाव्या लागलेल्या मानवी गर्भांचं चित्रीकरण केलं. आठव्या आठवड्याच्या आसपास ओठांभोवती केसानं हलकेच स्पर्श केला की मान वळते, हे त्यांनी नोंदवलं. डोळ्यांना दिसणारा पुरावा होता तो. तो खोटा नव्हता, अपुरा होता.

पहिलं खंडन : क्रम उलटा आहे

हुकर यांच्या पद्धतीत एक मूलभूत अडचण होती. गर्भ आईपासून सुटलेला, त्याचा प्राणवायू तुटलेला, निरीक्षणाला मोजकी मिनिटं. प्राणवायू कमी पडला की गर्भाची आपली आपण होणारी हालचाल मंदावते. प्रसूतितज्ज्ञ आजही ‘बाळ फिरत नाही’ या तक्रारीला धोक्याची खूण मानतात ते त्यामुळेच. अशा गर्भाला टोचून पाहिलं तर टोचण्याला दिलेलं उत्तरच तेवढं दिसणार. प्रश्न विचारल्याशिवाय जे बोलतं ते ऐकायला त्या खोलीत वेळच नव्हता.

ते ऐकलं होतं फार आधी, येना इथल्या विल्हेल्म प्रायर यांनी. गर्भाच्या शरीरक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ १८८५ सालचा. कोंबडीच्या अंड्यात भ्रूण चौथ्या दिवशीच हलू लागतो, पण स्पर्श करून त्याच्याकडून उत्तर मिळायला आणखी काही दिवस जावे लागतात, हे त्यांनी पाहिलं. पुढे सेंट लुईसच्या व्हिक्टर हॅम्बर्गर यांनी याची निर्णायक परीक्षा घेतली. अंड्याला खिडकी पाडून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी भ्रूणाच्या मेरुरज्जूचा पायांच्या पातळीवरचा पाठीकडचा अर्धा भाग काढला. संवेदना आत येण्याची वाट तिथेच असते. मेंदूकडून हुकूम येऊ नयेत म्हणून वरच्या बाजूला रज्जूत खिंडही पाडली. आता या पायांना ना काही कळत होतं, ना कुणी काही सांगत होतं. तरीही ते हलत राहिले. एकवीस दिवसांच्या उबवणीत साधारण पंधराव्या दिवसापर्यंत त्यांची हालचाल धडधाकट भ्रूणांसारखीच होती. हा प्रयोग १९६६ साली प्रसिद्ध झाला.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, ‘हे कोंबडीचं झालं, सस्तन प्राण्यांचं काय?’ हा आक्षेप रास्त आहे आणि तो पहिल्यांदा हॅम्बर्गर यांच्याच गटानं स्वतःवर घेतला. नारायणन, फॉक्स आणि हॅम्बर्गर यांनी १९७१ साली प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदराचा, म्हणजे रॅटचा, गर्भ तपासला. रॅटचा गर्भकाळ एकवीस-बावीस दिवसांचा. त्यांना आपोआप होणारी हालचाल आणि स्पर्शाला मिळणारं उत्तर, दोन्ही सोळाव्या दिवसाच्या सुमारास जवळजवळ बरोबरच दिसली. कोंबडीत असतो तसा स्पर्शहीन हालचालीचा मोठा कालखंड इथे सापडला नाही. बाजू इथेच थांबली असती तर पूर्वपक्षाला निम्मा विजय द्यावा लागला असता.

पण डोळ्यांना दिसणारी हालचाल हा शेवटचा टप्पा असतो. तिच्या मागे मेरुरज्जूत काय चाललं आहे, ते पाहायला विजेची सूक्ष्म मोजमापं लागली. २००३ साली हॅन्सन आणि लँडमेसर यांनी माऊस, म्हणजे लहान उंदीर, या प्राण्याच्या भ्रूणाचा मेरुरज्जू बाहेर काढून जिवंत ठेवला. गर्भकाळाच्या बाराव्या दिवसाच्या आसपास त्यात आपोआप, ठरावीक अंतरानं, विजेच्या लाटा उठत होत्या. आता शरीररचनेचा दाखला पाहा. या प्राण्यात संवेदी चेतापेशींचे धागे रज्जूच्या कडेपर्यंत लवकर येतात, पण तिथे जवळजवळ दोन दिवस दारातच थांबतात. आतल्या करड्या भागात ते तेराव्या-चौदाव्या दिवशी शिरतात. म्हणजे सस्तन प्राण्याचा मेरुरज्जूही बाहेरचा निरोप आत येण्याआधीच कामाला लागलेला असतो. पाहुणा अजून उंबरठ्यावर आहे आणि घरात चूल पेटलेली आहे.

ही चूल पेटते कशी, हे समजून घेण्यासारखं आहे. मोठ्या माणसाच्या मेरुरज्जूत गाबा आणि ग्लायसीन ही दोन रसायनं ब्रेकचं काम करतात. ती चेतापेशीची दारं उघडतात, क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. भ्रूणाच्या चेतापेशीत मात्र क्लोराइड आधीच भरपूर साठलेलं असतं. तीच दारं उघडली की ते बाहेर पडतं आणि पेशी शांत होण्याऐवजी चेतते. पुढे शांत करणारी रसायनं या वयात चेतवतात. त्यामुळे जवळपास सगळ्या जोडण्या चेतवणाऱ्याच, आणि जाळं आपल्या आपण पेटतं. मग ते थकतं, सावरतं आणि पुन्हा पेटतं. लाटांचा ताल येतो तो असा. जन्माच्या आगेमागे क्लोराइड बाहेर उपसणारा एक प्रथिनाचा पंप वाढत जातो आणि त्याच रसायनांचा ब्रेक होतो.

माणसाच्या गर्भाचं काय? १९८२ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या डी व्रीस, विसर आणि प्रेख्टल यांनी आईच्या पोटातल्या, निर्धास्त, न टोचलेल्या गर्भांकडे सोनोग्राफीनं तासतासभर पाहिलं. शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सातव्या-आठव्या आठवड्यात पहिली हालचाल दिसली. आठव्या-नवव्या आठवड्यात सबंध अंगाची, हळूहळू चढत-ओसरत जाणारी हालचाल आली आणि दहाव्यापर्यंत एकेक हात, एकेक पाय सुटा हलू लागला. हुकर यांच्या परंपरेतल्या नोंदींप्रमाणे तळहाताला स्पर्श केल्यावर बोटं मिटू लागतात ती दहाव्या-अकराव्या आठवड्यात. तोंडाभोवती स्पर्शाचं उत्तर आणि पहिली हालचाल जवळजवळ एकाच वेळी येतात हे मी मान्य करतो. पण हातपाय स्पर्शाला उत्तर देण्याआधीच हलायला लागलेले असतात. आईला पहिल्यांदा पोटात फडफड जाणवते तेव्हा बाळाची ही हालचाल कित्येक आठवड्यांची जुनी झालेली असते, आणि ती कुणी डिवचलं म्हणून सुरू झालेली नसते.

दुसरं खंडन : साधं ते आधीचं नव्हे

गुडघ्याखाली हातोडीनं ठोकलं की पाय उडतो. या वाटेत दोनच चेतापेशी आहेत, एक संवेदी आणि एक प्रेरक, मध्ये कुणी नाही. शरीरातली सर्वांत साधी प्रतिक्षिप्त वाट हीच. मग ती सर्वांत आधी तयार होत असणार, असं तर्काला वाटतं.

रॅटच्या गर्भात पाहिलं तर तसं घडत नाही. सैतो यांनी १९७९ साली आणि पुढे कुडो व यामादा यांनी केलेल्या मोजमापांत क्रम स्पष्ट दिसतो. मधल्या सहयोगी पेशींमधून जाणारी, वळणावळणाची उत्तरं सोळाव्या दिवसाच्या आसपास मिळू लागतात. दोनच पेशींची सरळ वाट त्यानंतर, सतराव्या-अठराव्या दिवशी जुळते. स्नायू ताणला की त्याचं खरंखुरं उत्तर मिळायला आणखी वेळ लागतो, कारण स्नायूतला ताण मोजणारा सूक्ष्म अवयवच तोवर तयार झालेला नसतो.

याहून महत्त्वाचं म्हणजे बांधकामाची दिशा. आधी प्रेरक चेतापेशी आपला धागा स्नायूपर्यंत नेतात. मग त्यांच्यात आणि सहयोगी पेशींत जाळं विणलं जातं. संवेदनेचा धागा या विणीत शेवटी ओवला जातो. पुस्तकातला बाण त्वचेपासून निघून स्नायूपाशी संपतो. बांधकाम मात्र स्नायूपासून त्वचेकडे सरकत येतं.

साध्या वाटा जोडून मोठी हालचाल बनते, हेही टिकत नाही. ग्रॅहम ब्राऊन हे शेरिंग्टन यांच्याच प्रयोगशाळेत काम करत होते. १९११ साली त्यांनी दाखवलं की मांजरीच्या पायांतून येणाऱ्या संवेदना तोडल्या तरी मेरुरज्जू पावलांचा ताल धरून ठेवतो. चालणं ही उत्तरांची साखळी असती तर पहिली कडी तुटल्यावर ती थांबायला हवी होती. न्यायाची गोष्ट म्हणून सांगायला हवं की शेरिंग्टन यांनी स्वतःच बजावलं होतं, एकटी, सुटी प्रतिक्षिप्त क्रिया ही समजण्याच्या सोयीसाठी केलेली कल्पना आहे. त्यांच्यामागून आलेल्या पाठ्यपुस्तकांनी सोय ठेवली आणि इशारा गाळला.

तिसरं खंडन : आराखडा आणि राहतं घर

आता सर्वांत अवघड मुद्दा. या वाटा जनुकांनी जोडून दिलेल्या असतात की अनुभवानं?

इथे पूर्वपक्षाच्या बाजूनं भक्कम पुरावा आहे आणि तो मी झाकणार नाही. मेंडेल्सन आणि फ्रँक यांनी १९९१ साली कोंबडीच्या भ्रूणांना क्युरारे जातीच्या औषधानं हालचाल-बंद ठेवलं, तरीही स्नायूकडून येणारे संवेदी धागे नेमक्या आपल्याच स्नायूच्या प्रेरक पेशींना जाऊन जुळले. २००० साली सिल्व्हिया आर्बर आणि सहकाऱ्यांनी माऊसमध्ये दाखवलं की ‘ईआर ८१’ हे एकच जनुक काढलं तर हे धागे मेरुरज्जूच्या पोटाकडच्या भागात पोचतच नाहीत. म्हणजे कोणता धागा कुठे जायचा, हा ढोबळ आराखडा जनुकांचाच आहे. सगळं शिकूनच येतं असं म्हणणारा तितकाच चुकतो.

पण आराखडा म्हणजे राहतं घर नव्हे. कातडीला चटका बसल्यावर अंग नेमकं कुठल्या दिशेला आणि किती मागे घ्यायचं, हे ठरवायला शरीराची घडण माहीत असावी लागते. कुठल्या स्नायूच्या ओढीनं कातडीचा कुठला तुकडा कुठे सरकतो, हे जनुकांत लिहून ठेवणं कठीण, कारण ते हाडांची लांबी आणि सांध्यांची ठेवण यांवर अवलंबून असतं.

स्वीडनमधल्या लुंड इथल्या येन्स शाउनबोर्ग यांच्या गटानं हे रॅटच्या पिल्लांत पाहिलं. रॅट फार कच्चा जन्मतो, डोळे मिटलेला, अंगावर लव नसलेला. त्याचे जन्मानंतरचे पहिले दिवस साधारणपणे माणसाच्या गर्भकाळाच्या उत्तरार्धाशी ताडून पाहिले जातात. या कोवळ्या पिल्लाच्या शेपटीला उष्णतेचा चटका दिला तर शेपटी पुष्कळदा चटक्यापासून दूर जाण्याऐवजी चटक्याच्याच दिशेला वळते! पुढच्या काही आठवड्यांत ही चूक दुरुस्त होते. ‘तयार मिळालेली’ क्रिया अशी चुकत सुरू होईल कशाला?

दुरुस्ती कशी होते, हे पीटर्सन, शाउनबोर्ग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलं. झोपेत पिल्लाची शेपटी मधूनच हिसका देते. डावीकडे ओढणारा स्नायू आकुंचला की शेपटीची डावी बाजू शेजारच्या वस्तूवर दाबली जाते आणि डाव्या कातडीकडून स्पर्शाची खबर येते. अशा हजारो हिशेबांतून मेरुरज्जू शिकतो, की ज्या स्नायूमुळे या जागी स्पर्श वाढतो, त्याची या जागेशी असलेली जोडणी सैल करायची. ज्याच्यामुळे स्पर्श घटतो, त्याची घट्ट करायची. संगणकावर त्यांनी हा नियम चालवून पाहिला, तेव्हा गोंधळलेल्या जोडण्यांतून नेमकी क्रिया घडत गेली. मग खऱ्या पिल्लांच्या झोपेतल्या हिसक्यांबरोबर मिळणारा स्पर्श त्यांनी आपल्या हातात घेऊन बदलला, तर चटक्याचं उत्तरही अपेक्षित दिशेनं बदललं. पिल्लू चटके सोसून चटका चुकवायला शिकत नाही. ते मऊ, निरुपद्रवी स्पर्शांतून आणि झोपेतल्या हिसक्यांतून शिकतं.

याचा आणखी एक दाखला गर्भातलाच आहे, आणि तो मला विलक्षण वाटतो. स्कॉट रॉबिन्सन यांनी जन्माच्या एक-दोन दिवस आधीच्या रॅट-गर्भांना, नाळ तशीच जोडलेली ठेवून, कोमट द्रावणात घेतलं. गर्भाच्या मागच्या दोन पायांत एक बारीक धागा बांधला, जेणेकरून एक पाय हलला की दुसरा ओढला जावा. गर्भ आपला हलत राहिला. अर्ध्या तासात दोन्ही पाय बरोबर हलवण्याचं प्रमाण वाढलं, आणि धागा कापल्यावरही ते काही काळ टिकून राहिलं. छातीच्या पातळीवर मेरुरज्जू तोडून मेंदूचा संबंध संपवला, तरी हे शिक्षण झालं. अजून जगात न आलेला जीव, मेंदूशी नातं तुटलेला मेरुरज्जू, आणि तरी अर्ध्या तासात त्यानं आपल्या शरीराची बदललेली घडण ओळखली.

झोपेत तान्हं बाळ गालातल्या गालात हसलं की आपल्या घरांत ‘सटवाई हसवते’ असं म्हणायची रीत आहे. त्या वेळी बाळाजवळ पाच मिनिटं बसून पाहावं. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठाचा कोपरा हलतो, करंगळी एकटीच उडते, मग अंगठा, मग पावलाची बोटं. आपल्या आज्यांनी या हालचालींना निरर्थक मानलं नाही. त्यांत कुणीतरी काही करतं आहे, असं त्यांना जाणवलं. आयोवाचे मार्क ब्लुमबर्ग यांचं काम त्याच क्षणांवर आहे. जागेपणी आपण मुद्दाम हात हलवतो तेव्हा ‘हे मीच केलं’ म्हणून त्या हालचालीची खबर चेतासंस्था दाबून टाकते. झोपेतल्या हिसक्यांची खबर मात्र दाबली जात नाही, ती जशीच्या तशी मेंदूपर्यंत जाते. एका वेळी एकच बोट, आजूबाजूला सगळं शांत. शिकायला याहून स्वच्छ धडा कुठला?

वासराच्या प्रश्नाचं उत्तर

‘याला कुणी शिकवलं?’ या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. वासरू गाईच्या पोटात सुमारे दोनशे ऐंशी दिवस असतं, आणि त्यातला फार थोडा काळ सोडला तर ते हलतच असतं. मेंढीच्या गर्भावर केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्ट आणि बॅरन यांनी १९३० च्या दशकात काम केलं. त्यांनाही दिसलं की हालचाल आधी झटक्यांची, उतावीळ असते, आणि मेंदूचा वरून ताबा येत जातो तसा गर्भ सबुरीनं, मोजकं हलू लागतो. गोठ्यात आपण पाहतो तो वासराचा पहिला प्रयत्न नसतो, कित्येक महिन्यांच्या तयारीनंतरचा जमिनीवरचा पहिला प्रयोग असतो.

तयारी बंद पाडली तर काय होतं, हेही ठाऊक आहे. १९८३ साली मोसिंजर यांनी रॅट-गर्भांना क्युरारेनं निश्चल ठेवलं. पिल्लांचे सांधे आखडलेले निघाले आणि फुप्फुसं खुरटलेली. प्रेख्टल यांच्या परंपरेतल्या डॉक्टरांना हेच दुसऱ्या टोकानं दिसलं. जन्मानंतर तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात निरोगी बाळाच्या अंगात एक बारीक, सतत चाललेली चुळबुळ असते. ती नसेल तर सेरेब्रल पाल्सीची शंका फार लवकर आणि बऱ्याच खात्रीनं घेता येते. त्यासाठी बाळाला टोचावं, ठोकावं लागत नाही; ते स्वतःहून काय करतं, ते पाहावं लागतं.

‘केवळ’ या शब्दाची किंमत

आता त्या किमतीबद्दल. ‘नवजात बाळाचं हातपाय आखडणं ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया आहे’ या समजुतीवर विसाव्या शतकातली कित्येक दशकं गेली. त्या ‘केवळ’च्या आधारावर अकाली जन्मलेल्या बाळांवर अगदी तुटपुंजी भूल देऊन शस्त्रक्रिया होत राहिल्या. १९८७ साली कन्वलजीत आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी आणि ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पुरेसं वेदनाशमन न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांचा भडका उडतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रासही जास्त होतात. तेव्हा कुठे जगभर पद्धती बदलू लागल्या.

उलट बाजूची चूकही करू नये. मेरुरज्जू मेंदूशिवायही पाय मागे घेतो. म्हणून पाय मागे घेतला एवढ्यावरून वेदना झाली हे सिद्ध होत नाही, आणि पाय हलला नाही म्हणून झाली नाही हेही नाही.

लंडनच्या मारिया फिट्झजेराल्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या तळपायाला बारीक तंतूनं स्पर्श करून पाहिलं. बाळ जितकं कमी दिवसांचं, तितक्या हलक्या स्पर्शाला पाय मागे येतो. रक्ततपासणीसाठी वारंवार टोचलेल्या टाचेभोवती ही संवेदनशीलता आणखी वाढते, आणि तिथे बधिर करणारं मलम लावलं तर ती ओसरते. म्हणजे टाचेला सुई जाते तेव्हा रक्ताचा थेंब निघतोच, शिवाय घडत असलेल्या मेरुरज्जूला एक धडाही मिळतो. २०२० साली भारतात सुमारे तीस लाख बाळं अकाली जन्मली, कुठल्याही देशापेक्षा जास्त. आईच्या पोटात त्यांना जे आठवडे मिळायचे होते, ते काचेच्या पेटीत मिळतात. तिथे त्यांची झोप हेच त्यांचं काम आहे. टोचण्या एकत्र गाठून कराव्या, टोचण्याआधी वेदनेची सोय करावी, आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून जितका वेळ देता येईल तितका द्यावा. या गोष्टींना मी माया म्हणून बाजूला ठेवत नाही. त्या शरीरक्रियाशास्त्रातूनच निघतात.

सिद्धान्त

तेव्हा माझं म्हणणं असं. जनुकं आराखडा आखतात. त्या आराखड्यावर मेरुरज्जू बाहेरून काहीही न येता आपण होऊन हलू लागतो. त्या हालचालीतून शरीर मेरुरज्जूला आपली ओळख करून देतं, आणि त्या ओळखीतून नेमकं, उपयोगी उत्तर घडतं. प्रतिक्षिप्त क्रिया ही हालचालीची आई नव्हे, लेक आहे.

वर्षानुवर्षं मी फळ्यावर त्वचेपासून खडू चालवत आलो. सुई, मग संवेदी पेशी, मग रज्जू, मग स्नायू. आता मी आधी स्नायू काढतो. त्याला प्रेरक पेशी जोडतो, तिच्याभोवती जाळं विणतो, आणि त्या जाळ्यातून उठणाऱ्या लाटा काढतो. मुलं विचारतात, ‘‘सर, सुई कुठे आहे?’’ मी म्हणतो, ‘‘थांबा, अजून दोन दिवस आहेत. धागा दारात उभा आहे.’’